कोणी विचारले नाही

तीन वर्षांपूर्वी मे आणि जून हे दोन महिने मी न्यू जर्सीत भावाकडे होते. भाचा तेव्हा सोळा वर्षांचा. त्याने बेसबॉलच्या पंचगिरीचा एक छोटा अभ्यासक्रम पुरा केला होता, आणि शनिवारी सकाळी अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या सामन्यांत तो पंच म्हणून उभा राहत असे. थोडे पैसे मिळत, आणि घरातल्यांना त्याला मैदानावर पोहोचवण्याचे काम लागे. अशाच एका शनिवारी मी गाडीत बसून गेले आणि लाकडी बाकावर बसून सामना पाहिला. खेळातले मला फारसे काही कळत नव्हते. निळ्या शर्टांचा संघ एका रनने जिंकला आणि पालकांनी टाळ्या वाजवल्या, एवढे कळले.

परतताना भाचा सहज म्हणाला, "तो शेवटचा रन आहे ना, त्या मुलाने तिसरा बेस टच केलाच नव्हता."

"तू पाहिलंस?"

"समोरच होतो मी."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणी विचारलं नाही, आत्या."

त्याने हे इतक्या साधेपणाने सांगितले, की त्यात त्याला काही विशेष वाटत नसावे हे उघड होते. मी मात्र अस्वस्थ झाले. एका पंचाने डोळ्यांनी चूक पाहावी, ती चूक निर्णायक ठरावी, आणि कोणी विचारले नाही म्हणून त्याने तोंड मिटून घरी यावे, हा कसला न्याय? अस्वस्थ होण्याचे आणखी एक, अधिक खाजगी कारण होते. त्याकडे मी शेवटी येईन. कारण आधी नियम नीट समजून घेतल्याशिवाय ते सांगण्यात अर्थ नाही. त्या संध्याकाळी मी भाच्याकडून नियमपुस्तक मागून घेतले. व्यावसायिक बेसबॉलचे नियमपुस्तकही त्याने संगणकावर काढून दिले. पुढचे कितीतरी दिवस मी ते वाचत होते. मराठीच्या अध्यापकाला शब्दाचा कीस काढण्याची सवय असते. ती तिथे कामी आली.

बेसबॉलचे मैदान म्हणजे एक चौकोन, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार बेस. चौथा बेस म्हणजे होम प्लेट, जिथे बॅटर उभा राहतो. चेंडू टोलवला की तो रनर होतो आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसला क्रमाने स्पर्श करून पुन्हा घरी येतो. तेव्हा एक रन होतो. क्रम चुकता कामा नये, स्पर्श चुकता कामा नये. पण समजा, धावण्याच्या घाईत एखाद्या बेसला पाय लागलाच नाही. तर पंच काहीही करत नाही. हात वर करत नाही, ओरडत नाही, चेहऱ्यावर दाखवतही नाही. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघातील कोणीतरी चेंडू हातात घेऊन त्या बेसला स्पर्श करावा, अमुक रनरने हा बेस चुकवला असे पंचाला सांगावे, आणि मग पंचाने निर्णय द्यावा. यालाच अपील म्हणतात. ते पिचरने पुढचा चेंडू टाकण्यापूर्वी व्हायला हवे. पुढचा चेंडू पडला की ती चूक कायमची पुसली जाते. झेल उडालेला असताना रनरने वेळेआधी बेस सोडला, तर तिथेही हेच.

अपिलाबाबत नियमपुस्तक आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगते. ते अपील आहे याविषयी संशय राहता कामा नये. एखादा खेळाडू हातात चेंडू असताना सहज चालत गेला आणि त्याचा पाय नेमका त्या चुकवलेल्या बेसवर पडला, तर ते अपील नव्हे. शब्दाने म्हणा, निःसंदिग्ध कृतीने म्हणा, विचारणे प्रकट व्हायला हवे. बॅटिंगचा क्रम चुकवून भलताच खेळाडू बॅट घेऊन उभा राहिला, तरीही पंचाने कोणाचे लक्ष वेधू नये, असे पुस्तक बजावते; आणि त्याचे कारणही देते. दोन्ही संघांनी सतत जागरूक राहावे यासाठी हा नियम आहे. पंचाच्या मौनामागे आळस नाही. खेळाडूंनी आपले डोळे वापरावेत, पंचाचे उसने घेऊ नयेत, ही त्यामागची भूमिका.

आपल्याला अपील ही कल्पना क्रिकेटमुळे परकी नाही. फलंदाज नियमाने बाद असला तरी क्षेत्ररक्षकांनी विचारल्याशिवाय पंच त्याला बाद देत नाही, हे क्रिकेटच्या कायद्यातच आहे. पण एक फरक मला फार बोलका वाटला. क्रिकेटमध्ये धाव घेताना बॅट क्रीझपर्यंत टेकली नाही, तर ती धाव अपुरी असल्याचे पंच स्वतःहून सांगतो. कोणी विचारण्याची वाट पाहत नाही. बेसबॉलमध्ये जवळजवळ तसाच दोष रनरकडून घडला, तर पंच गप्प राहतो. म्हणजे काय विचारल्यावर सांगायचे आणि काय न विचारता, ही रेघ प्रत्येक खेळाने आपापल्या जागी ओढली आहे. बेसबॉलने ती कुठे ओढली आणि का, हे पाहायचे तर पिचरकडे वळावे लागते.

पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. मैदानाच्या मध्यावर मातीचा एक उंचवटा असतो, त्यात २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद अशी पांढरी पट्टी बसवलेली असते. तिला रबर म्हणतात. तिच्यापासून होम प्लेटपर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच, आणि ते १८९३ पासून तेवढेच आहे. रनर एखाद्या बेसवर उभा असेल तर तो पुढच्या बेसच्या दिशेने थोडा सरकून उभा राहतो. पिचर चेंडू टाकू लागला की पळायचे, अशा बेतात. पिचरला मात्र दोन पर्याय असतात: समोर बॅटरकडे चेंडू टाकणे किंवा वळून त्या बेसकडे फेकणे आणि रनरला पकडणे. इथे फसवणुकीला वाव आहे. चेंडू टाकण्याची हालचाल सुरू करून मध्येच थांबायचे आणि रनर निघाला की त्याला गाठायचे. याला बॉक म्हणतात, आणि हा दोष घडताच पंच तत्काळ, मोठ्याने तो पुकारतो. साधारणतः प्रत्येक रनरला एक बेस पुढे जाऊ दिले जाते. इथे अपील नाही, वाट पाहणे नाही. हा दोष खेळाइतकाच जुना आहे. १८४५ साली न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने लिहून काढलेल्या पहिल्या नियमांतही बॉकचा उल्लेख आहे.

बॉक नेमका कशाला म्हणावे, याची यादी लांब आहे. बेसच्या दिशेने पाऊल न टाकता तिकडे चेंडू फेकणे, पहिल्या बेसकडे नुसतीच हूल देणे, हात एकत्र आणल्यावर पुरते न थांबता चेंडू टाकणे, अशी अनेक कलमे. पण या यादीखाली जी टीप आहे, तिथे मी बराच वेळ थांबले. रनरला हेतुपुरस्सर फसवण्यापासून पिचरला रोखणे हे या नियमाचे प्रयोजन आहे, हे पंचाने लक्षात ठेवावे. शंका आल्यास पिचरचा हेतू निर्णायक मानावा, असा तिचा आशय. एम.ए.च्या वर्गात आम्ही विमसॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांचा १९४६ चा निबंध शिकवतो. लेखकाचा हेतू आपल्याला उपलब्धही नसतो आणि कलाकृतीचे मूल्यमापन करताना तो मापदंड म्हणून इष्टही नसतो, हा त्यांचा मुद्दा मुलांच्या उत्तरपत्रिकांत दरवर्षी भेटतो. आणि इथे एक नियमपुस्तक साठ फुटांवर उभ्या असलेल्या माणसाचा हेतू ओळखायला सांगते, तोही निमिषार्धात!

पुढे वाचत गेल्यावर मात्र लक्षात येते, की पुस्तक तितके भोळे नाही. पिचर हातात चेंडू नसताना रबरच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभा राहिला, तर तो फसवण्याचा हेतूच समजावा, असे तीच टीप सांगते. म्हणजे हेतू मनातून शोधून काढायचा नाही. तो कृतीत वाचायचा. काही कृती अशा आहेत की त्या घडल्या की हेतू सिद्ध. आपल्या मीमांसकांनी वाक्याचे तात्पर्य ठरवताना वक्त्याच्या मनात न शिरता उपक्रम, उपसंहार, अभ्यास अशी बाहेर दिसणारी लिंगे मानली, त्याची इथे आठवण झाली.

तरीही शब्द निसटतातच. १९८८ चा हंगाम हे त्याचे उदाहरण. पिचरने हात एकत्र आणल्यावर पूर्णपणे थांबले पाहिजे, असा नियम तोवर होता. त्या वर्षी हे थांबणे पूर्ण तर असावेच, पण स्पष्ट दिसण्याजोगेही असावे, अशी शब्दयोजना केली गेली. केवळ एका विशेषणाची भर. पंचांनी ते विशेषण गंभीरपणे घेतले आणि त्या हंगामात बॉकची संख्या आदल्या वर्षाच्या दुपटीहून अधिक झाली. ओकलंड संघाच्या डेव्ह स्ट्युअर्टवर एकट्यावर सोळा बॉक पुकारले गेले. पुढच्याच वर्षी ते विशेषण काढून टाकले आणि संख्या खाली आली. खेळाडू तेच, पंच तेच, हालचालीही फारशा बदललेल्या नसणार. विशेषणे जपून वापरा, असे मी वर्गात सांगते तेव्हा मुले हसतात. आता हे उदाहरण देते.

अलीकडच्या काळात हेतू वाचण्याचे हे ओझे नियमांनी हळूहळू कमी केले आहे. तिसऱ्या बेसकडे हूल देऊन पहिल्या बेसकडे चेंडू फेकणे ही एके काळची मान्य युक्ती. २०१३ पासून तिसऱ्या बेसकडे नुसती हूल देणे हाच बॉक ठरला. २०२३ मध्ये तर अंक आला. एका बॅटरच्या पाळीत पिचरने दोनदा रबर सोडावे किंवा बेसकडे चेंडू फेकावा. तिसऱ्यांदा तसे केले आणि रनर बाद झाला नाही, तर बॉक. यात मनाचा प्रश्नच उरत नाही, फक्त मोजायचे. निकाल निर्विवाद होतो हे खरे. पण पंचाच्या वाचनाची जागा तेवढीच आक्रसते.

रबर सोडण्याचा उल्लेख आला आहे तर त्याचीही मौज सांगितली पाहिजे. पिचरने नियमाप्रमाणे पाय मागे घेऊन रबर सोडले, की त्या क्षणी तो पिचर राहत नाही. इतर क्षेत्ररक्षकांसारखा एक होतो, आणि हूल देण्याची मुभाही त्याला मिळते. माणूस तोच, हातातला चेंडू तोच, अंतर एका पावलाचे. विभक्तीचा प्रत्यय बदलला की वाक्यातले तेच नाम कर्त्याचे कर्म होऊन बसावे, तसे हे. आणि इथेच पिचरचा नियम आणि अपिलाचा नियम एकमेकांना छेदतात. खेळ थांबलेला असेल तर अपिलासाठी तो आधी पुन्हा सुरू व्हावा लागतो. पिचरने चेंडू घेऊन रबरवर उभे राहायचे, पंचाने खेळ सुरू झाल्याचे सांगायचे, मग पिचरने रीतसर मागे पाऊल घेऊन त्या बेसकडे चेंडू द्यायचा. या धांदलीत पिचरकडून बॉक झाला, तर तो बॉक म्हणजे एक खेळी धरली जाते, आणि खेळी घडून गेल्यामुळे अपिलाचा हक्क संपतो. दुसऱ्याची चूक दाखवायला निघालेला स्वतः चुकला, की त्याचा प्रश्न मिटतो. पंचाने तो चुकलेला बेस डोळ्यांनी पाहिलेला असला, तरीही.

आता मूळ प्रश्न. पिचर चुकला की पंच ओरडतो, रनर चुकला की गप्प राहतो. हा पक्षपात का? भाच्याला विचारले तर तो म्हणाला, "रनर चुकला तर समोरच्या नऊ जणांना दिसतं. मी सांगितलं, तर मी त्यांचा दहावा झालो." बॉकचे काय, या प्रश्नावर त्याच्याकडे उत्तर नव्हते, नियम आहे, एवढेच. मला जे सुचले ते असे. बॉक ही फसवणूक आहे, आणि फसवणुकीचे लक्षणच हे की जो फसतो त्याला ती त्या वेळी दिसत नाही. ज्याला दिसूच शकत नाही, त्याने अपील करावे ही अपेक्षा क्रूर ठरेल. म्हणून तिथे पंच त्याचे डोळे होतो. बेस चुकवणे ही नुसती चूक आहे. ती उघड्या मैदानावर, सर्वांसमोर घडते. ज्यांचे नुकसान होते त्यांना ती पाहण्याची पूर्ण संधी असते. पाहिली नाही तर तो त्यांचा गाफीलपणा. तिथे पंचाने बोलणे म्हणजे एका बाजूला जाऊन उभे राहणे. पुस्तकात हे असे कुठे लिहिलेले नाही. पण दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचले की हाच अर्थ लागतो, असे मला वाटते.

गप्प राहणाऱ्या पंचाला पाहण्यातून मात्र सुटका नाही. त्याने प्रत्येक पाय प्रत्येक बेसवर पडताना पाहिला पाहिजे आणि ध्यानात ठेवला पाहिजे. कारण प्रश्न कधी येईल हे त्याला ठाऊक नसते. १९८३ मधली एक घटना या संदर्भात प्रसिद्ध आहे. त्या वर्षी २४ जुलैला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने शेवटच्या डावात होम रन मारून संघाला ५-४ अशी आघाडी मिळवून दिली. बॅटवर चिकट पाइन टार १८ इंचांपलीकडे लावले आहे, अशी तक्रार यांकी संघाचे व्यवस्थापक बिली मार्टिन यांनी केली; पंचांनी बॅट मोजून ब्रेटला बाद दिले. पुढे लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी नियमाच्या अक्षरापेक्षा त्याचे प्रयोजन श्रेष्ठ मानून तो निर्णय फिरवला, आणि १८ ऑगस्टला सामना त्याच ठिकाणाहून पुन्हा सुरू झाला. अभिधा आणि तात्पर्य यांच्या भांडणाचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा. पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे आहे. खेळ सुरू होताच मार्टिन यांच्या संघाने अपील केले, की ब्रेटने त्या दिवशी बेसला स्पर्शच केला नव्हता. ऑगस्टचे पंच वेगळे होते. जुलैत काय घडले ते त्यांनी पाहिलेले नव्हते, हे मार्टिन यांना ठाऊक होते. तेव्हा पंचप्रमुख डेव्ह फिलिप्स यांनी खिशातून एक कागद काढला. जुलैच्या पंचांचे ते शपथपत्र होते: ब्रेटने सर्व बेसना स्पर्श केला होता. ज्यांनी पाहिले होते ते तेव्हा काही बोलले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. विचारले जाताच त्यांचे पाहणे साक्ष म्हणून पुढे आले.

विचारलेला प्रश्न फेटाळला गेला तरी वाया जात नाही, याचे उदाहरण त्याहून जुने आहे. ४ सप्टेंबर १९०८ रोजी पिट्सबर्गमध्ये शेवटच्या क्षणी विजयाचा रन होत असताना पहिल्या बेसवरचा रनर दुसऱ्या बेसपर्यंत न जाताच परतला. रन झाला, सामना संपला, आता पुढे पळून काय करायचे, ही तेव्हाची सर्वमान्य रूढी होती. शिकागो संघाच्या जॉनी एव्हर्स यांनी चेंडू घेऊन दुसऱ्या बेसवर पाय ठेवला आणि तिसरा गडी बाद झाल्यामुळे रन धरू नये असा दावा केला. पंच हँक ओडे यांनी तो रनर पाहिला नव्हता. त्यांनी दावा मानला नाही. लीगकडे केलेली तक्रारही फेटाळली गेली. पण प्रश्न पंचाच्या मनात राहिला, असे म्हणतात. एकोणीस दिवसांनी, २३ सप्टेंबरला, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्‌सवर तेच ओडे पंच होते, तेच एव्हर्स मैदानात होते. १-१ अशी बरोबरी असताना शेवटच्या टोल्यावर रन झाला, लोक मैदानात घुसले, आणि पहिल्या बेसवरचा एकोणीस वर्षांचा फ्रेड मर्कल अर्ध्यातून वळून परतला. एव्हर्स यांनी चेंडू मिळवला. तो मूळचा चेंडू होता की दुसराच कुठला, यावर वाद आजही मिटलेला नाही. या वेळी ओडे यांनी मर्कलला बाद दिले.

काटेकोर वर्गवारीत हे अपील नव्हे. मागून येणाऱ्या बॅटरमुळे रनरला पुढे जाणे भाग असते, आणि अशा वेळी बेसवर चेंडू पोहोचला की तो बाद, असा हा प्रकार. पण एव्हर्स यांनी प्रश्न विचारल्याशिवाय तो निर्णय झाला नसता, हे खरेच. सामना बरोबरीत धरला गेला, ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळवला गेला आणि शिकागोने तो ४-२ असा जिंकला. मर्कल पुढे अनेक वर्षे उत्तम खेळला. पण १९५६ साली मृत्यू येईपर्यंत त्या एका चुकीचे नाव त्याच्या नावाला चिकटून राहिले. शास्त्रापेक्षा रूढी बलवान, असे आपण म्हणतो. त्या दिवशी शास्त्र अचानक बलवान झाले आणि त्याची किंमत रूढीवर विसंबलेल्या एका पोराने मोजली. तरीही ओडे यांच्याविषयी मला आदर वाटतो. पहिल्या वेळी त्यांनी पाहिले नव्हते आणि तसे ते वागले. दुसऱ्या वेळी कुठे पाहायचे हे त्यांना कळले होते. एका फेटाळलेल्या प्रश्नाने ते शिकवले होते.

आता माझी गोष्ट. २००९ साल, नोकरीचे तिसरे वर्ष. पुनर्मूल्यांकनासाठी मला बोलावले होते. विद्यार्थ्यांनी अर्ज केलेल्या उत्तरपत्रिका मूळ गठ्ठ्यांतून काढून पुन्हा तपासायच्या, असे काम. एका गठ्ठ्यातून हवी ती उत्तरपत्रिका काढताना वरची दुसरीच हातात आली. आसनक्रमांकावर पट्टी चिकटवलेली. मुखपृष्ठावरच्या गुणांच्या तक्त्याकडे सहज नजर गेली. चौथ्या प्रश्नाचे अकरा गुण आत लिहिलेले होते, तक्त्यात उतरवायचे राहून गेले होते. मांडलेली बेरीज उत्तीर्णतेच्या रेषेखाली होती. अकरा मिळवले की वर जात होती. मी शेजारच्या ज्येष्ठ प्राध्यापकांना दाखवले. ते म्हणाले, "मॅडम, याचा अर्ज आहे का?" मी यादी पाहिली. अर्ज नव्हता. मुदतही संपली होती. "मग ही आपल्यापुढे आलेलीच नाही," ते म्हणाले. त्यांच्या स्वरात दुष्टपणा नव्हता. असलाच तर थकवा होता. नियम त्यांच्या बाजूने होता. मी गठ्ठा पुन्हा बांधला. गाठ घट्ट बसावी म्हणून दोनदा ओढली, हेही आठवते.

पुढे अनेक वर्षे मी स्वतःला हेच सांगत आले, की कोणी विचारले नव्हते. पंचाने पक्ष घ्यायचा नसतो. एकाला न विचारता दिले, तर उरलेल्या हजारोंचे काय? भाच्याच्या तोंडून तेच वाक्य ऐकले, तेव्हा गाडीत मी दचकले ते यामुळे. आणि मग नियमपुस्तक वाचले ते, खरे सांगायचे तर, स्वतःच्या बचावासाठी. माझ्या मौनाला त्यात कुठेतरी आधार सापडेल अशी आशा होती.

आधार सापडला नाही. भाच्याचे मौन बरोबर होते. ज्यांचे नुकसान झाले ते नऊजण, त्यांचे प्रशिक्षक, बाकावरचे पालक, सगळे तिथेच होते. तिसरा बेस कोणाच्याही डोळ्यांआड नव्हता. त्या विद्यार्थ्यासमोर मैदानच नव्हते. त्याची उत्तरपत्रिका बंद गठ्ठ्यात, गठ्ठा बंद खोलीत. तो नापास झाल्याचे त्याला सांगितले गेले, आणि त्याने त्यावर विश्वास ठेवला. त्याला कोणी हेतुपुरस्सर फसवले नव्हते, हे मान्य. पण ज्याला पाहता येत नाही त्याच्या बाबतीत चूक आणि फसवणूक यांत फरक तो काय उरतो? ते अपिलाचे प्रकरण नव्हतेच. तिथे न विचारता ओरडायला हवे होते, आणि ओरडण्याच्या जागी मीच उभी होते. मी नियम चुकीचा लावला असेही नाही. दोन नियमांपैकी भलताच निवडला.

९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात, तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क मान्य केला. त्यानंतर निदान विचारण्यापूर्वी पाहता येऊ लागले. अनेक ठिकाणी आता बेरीज संगणकच करतो. तेव्हा माझ्यासारखी गाठ बांधण्याची वेळ नव्या प्राध्यापकांवर कमी येत असेल. माझ्या हाती मात्र अजून कागदाचा गठ्ठा आला, की मी अर्ज असलेली उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर उरलेल्यांच्या मुखपृष्ठावरची बेरीजही ताडून पाहते. चूक सापडली तर लेखी टिपण देते. दोनदा सापडली. एकदा दुरुस्ती झाली, एकदा टिपणाचे पुढे काय झाले ते कळले नाही. हे माझ्या अधिकारात बसते का, असे एका सहकाऱ्याने विचारले होते. बहुधा बसत नसावे.

२००९ च्या त्या मुलाचा किंवा मुलीचा क्रमांक पट्टीखाली होता. मी ती पट्टी उचलून पाहिली नाही, तेही नियमाला धरूनच. म्हणून आज शपथपत्र लिहायचे ठरवले, तरी ते कोणाच्या नावे लिहावे हे मला ठाऊक नाही.